‘तुंबाड’: घाबरायचे केव्हा?

२०१८ साली ‘तुंबाड’ इंदूरमध्ये केव्हा लागला आणि केव्हा उतरला, हे आमच्या घरात कुणालाच कळले नव्हते. सप्टेंबर २०२४ मध्ये, ऐन गणपतीत, तो पुन्हा प्रदर्शित झाला, पहिल्या वेळेपेक्षा अधिक कमाई करून गेला आणि मग जो भेटेल तो, याहून भीतिदायक हिंदी चित्रपट झालाच नाही, असे सांगू लागला. कॉलेजात शिकणाऱ्या भाच्याला घेऊन मी रात्रीच्या खेळाला गेलो. मध्यंतरात तो म्हणाला, “मामा, यात घाबरायचं केव्हा?”

त्याची तक्रार गैर नव्हती. खरी भीती जवळजवळ सगळी १९१८ च्या पहिल्या भागातच आहे. साखळीने जखडलेल्या आजीला भरवायला गेलेला लहानगा नायक विनायक आणि हस्तर या शापित, लोभी देवाचे नाव काढताच झोपी जाणारी ती म्हातारी, एवढ्यावर माझ्या अंगावर काटा आला. (पुढे विनायकच्या मुलाचे काम करणारा मोहम्मद समदच त्या आजीच्या रंगभूषेखाली होता, हे मला फार नंतर कळले.) १९३३ नंतरचा पुण्यातला भाग मात्र रेंगाळतो, सावकाराचे प्रकरण तर लवकर आटोपले असते तरी चालले असते. मराठी कुटुंबाने हिंदी बोलणे पुण्याच्या नातेवाइकांना खटकले. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी बोलणाऱ्या आम्हा इंदूरकरांना त्याचे काहीच वाटले नाही.

तरीही हा गाजावाजा मला अनाठायी वाटत नाही. तो चुकीच्या गोष्टीचा झाला, इतकेच. सोने मिळालेल्या पण अन्नाला मुकलेल्या हस्तरला कणकेच्या बाहुलीचे आमिष दाखवून त्याच्या लंगोटातल्या मोहरा पळवायच्या, ही कल्पनाच इतकी घरगुती आहे की परातीतल्या गोळ्याकडे पाहण्याची नजर बदलते. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी पावसाळ्यामागून पावसाळे थांबून चित्रित केलेला तो करडा, चिकट पाऊस आणि पंकज कुमार यांचे छायाचित्रण मोठ्या पडद्यावरच पाहायला हवे. पण सर्वांत भयंकर मला वाटला तो बाप झालेला विनायक, जो पोराला दोरावरून चढण्या-उतरण्याचा सराव असा करून घेतो, जणू पिढीजात दुकानाचा हिशेबच शिकवतो आहे, आणि पोराच्या चुकीवर खेकसताना त्याच्या जिवापेक्षा मोहरांचीच काळजी अधिक करतो.

परतताना आम्ही सराफ्यात थांबलो. सोन्याचांदीची दुकाने बंद झाली होती आणि त्यांच्याच ओट्यांपुढे भुट्ट्याचा कीस परतला जात होता. द्रोण हातात घेऊन भाचा कुलूप लावलेल्या शटरकडे बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, “हस्तरला इथं आणायला हवं होतं. बिचारा पोटभर जेवला तरी असता.”