एक्सपीवरचं मशीन आणि १३ मेचा शनिवार

भोसरी एमआयडीसीत सुट्टी गुरुवारची, त्यामुळे १३ मे २०१७चा शनिवार आमच्याकडे भर कामाचा दिवस होता. वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या व्हायरसची बातमी आदल्या रात्रीच आलेली. ब्रिटनमधल्या सरकारी हॉस्पिटलांत कॉम्प्युटरवर लाल खिडकी, फायली कुलूपबंद, बिटकॉइनमध्ये ३०० डॉलरची मागणी. पहिली शिफ्ट लागायच्या आत मी कंपनीत पोचलो.

ऑफिसची काळजी कमी होती. मायक्रोसॉफ्टने १४ मार्चला दिलेला पॅच, म्हणजे विंडोजमधली ती त्रुटी बुजवणारी दुरुस्ती, आम्ही तिथल्या पीसींवर टाकलेला होता. घोर होता तो क्वालिटीतल्या सीएमएमचा, म्हणजे प्रोब टेकवून पार्टची मापं घेणाऱ्या मशीनचा. त्याचा पीसी विंडोज एक्सपीवर, आणि एक्सपीचा सपोर्ट २०१४ मध्येच संपलेला. बदलून टाका, असं सांगणं सोपं असतं. पण पीसी बदलला की मोजमापाचं सॉफ्टवेअर बदलतं, मग कंट्रोलर, आणि खर्च पार नव्या मशीनच्या घरात जातो. मशीन मात्र ठणठणीत, आजही मायक्रॉनमध्ये चोख मोजणारं. ते भंगारात काढा म्हणणं मला कधीच पटलं नाही. असल्या मशीनला सांभाळणं हेच आम्हा आयटीवाल्यांचं खरं काम.

हा पीसी इन्स्पेक्शन रिपोर्ट सर्व्हरवर ठेवायचा तो एसएमबीच्या, म्हणजे विंडोजच्या नेटवर्कवर फायली शेअर करायच्या पद्धतीच्या, जुन्या आवृत्तीने, आणि व्हायरस पसरत होता तोही नेमका त्याच वाटेने. मी म्हटलं, नेटवर्कची केबल काढतो. प्रोडक्शन मॅनेजर म्हणाले, “अहो, आज डिस्पॅच आहे. रिपोर्टशिवाय गाडी गेटबाहेर कशी सोडू?” त्यांचंही बरोबरच होतं. शेवटी त्या पीसीला थेट प्रिंटर जोडला, रिपोर्ट कागदावर काढायचे ठरलं आणि केबल काढली.

तेवढ्यात फायरवॉल, म्हणजे नेटवर्कची ये-जा अडवणारी चौकी, बघणाऱ्या मुलाचा फोन. ब्लॉक करायच्या वेब पत्त्यांची यादी फिरत होती, ती तो भरत होता. त्यात एक लांबलचक, निरर्थक अक्षरांचा पत्ता होता. मी ओरडलोच, “थांब, तो बंद करू नकोस!” हा व्हायरस फायलींना हात लावण्याआधी तो पत्ता गाठून बघतो, उत्तर आलं तर गप्प बसतो. मार्कस हचिन्स या तरुण ब्रिटिश संशोधकाने शुक्रवारीच जेमतेम अकरा डॉलरांत तो पत्ता स्वतः नोंदवला होता, म्हणून आता तिथून उत्तर येत होतं. आपणच ती वाट अडवली असती, तर आत शिरलेला व्हायरस मोकाट सुटला असता. शिवाय आमचं इंटरनेट प्रॉक्सीतून, म्हणजे मधल्या एका सर्व्हरमार्फत, जातं आणि व्हायरसला प्रॉक्सी कळत नाही; म्हणजे त्याला बाहेरून उत्तर मिळालंच नसतं. म्हणून तो पत्ता आतल्या डीएनएसमध्ये, म्हणजे कुठला पत्ता कुठल्या सर्व्हरवर ते सांगणाऱ्या यादीत, टाकून आमच्याच एका वेब सर्व्हरकडे वळवला.

सपोर्ट संपलेल्या एक्सपीसाठीही मायक्रोसॉफ्टने पॅच काढल्याचं कळलं. आधी हार्ड डिस्कची पूर्ण इमेज घेतली, मगच पॅच टाकला. रीस्टार्टच्या वेळी क्वालिटीतले मामा शेजारीच उभे. “सर, माझं मशीन उठेल ना?” उठलं. मामांनी मशीनचे अक्ष होमला, म्हणजे सुरुवातीच्या जागी, नेले, प्रोब रेफरन्स गोळ्यावर टेकवून कॅलिब्रेट केला आणि सकाळी मोजलेलाच जॉब पुन्हा लावला. बोअरचा, म्हणजे त्यातल्या भोकाचा, आकडा सकाळच्या रिपोर्टशी ताडून पाहिला, मान हलवली आणि पुढचा जॉब उचलला.

केबल मी त्या दिवशी परत लावली नाही. सोमवारी सीएमएमपुढे बसवायच्या छोट्या फायरवॉलची मागणी परचेसकडे दिली. त्यावर शेरा प्रोडक्शन मॅनेजरांनी स्वतः लिहिला: तातडीचे.