काळा कुत्रा आणि खिशातला कॅमेरा

रोजच्या फिरण्यात माझा डावा हात कुत्र्याच्या पट्ट्यात अडकलेला असतो. त्यामुळे कॉम्पॅक्ट कॅमेरा पारखायची माझी कसोटी एकच आहे. उजव्या हाताने खिशातून काढायचा, त्याच हाताने चालू करायचा आणि डांबूने मान फिरवायच्या आत फोटो निघायला हवा. (डांबू म्हणजे कुत्रा. रंग नावावरून कळलाच असेल.) बाकी मेगापिक्सेल वगैरे नंतर.

फोन का नको, हे लोक विचारतातच. फोन उत्तम फोटो काढतो, पण कमी उजेडात तो बऱ्याच फ्रेम एकापाठोपाठ घेऊन एकत्र करतो. भिंत, झाड, झोपलेला कुत्रा इथवर ठीक. जागा कुत्रा असेल तर शेपटीचा लगदा होतो. शिवाय चालता चालता एका हातात फोन धरून अंगठ्याने पडद्यावरचं बटण दाबायचं म्हणजे फोन पडायची वाटच बघायची. कॅमेऱ्याचं शटरचं बटण कसं, अर्धं दाबून फोकस धरून ठेवता येतो आणि ते न बघता बोटाला सापडतं. मला त्या अर्ध्या दाबाचे पैसे मोजायला काही वाटत नाही.

आता सेन्सर, म्हणजे कॅमेऱ्यातला उजेड टिपणारा चौकोन. जितका मोठा तितका उजेड जास्त. स्वस्त कॉम्पॅक्टमध्ये बहुधा १/२.३ इंची सेन्सर असतो, सुमारे ६.२ × ४.६ मिमी. ‘एक इंची’ म्हणून जो विकतात तो १३.२ × ८.८ मिमी, म्हणजे कुठूनही मोजला तरी इंच भरत नाही, पण क्षेत्रफळ पहिल्याच्या चौपट. एपीएस-सी हा त्याहून मोठा प्रकार, त्याच्याही तिप्पट. संध्याकाळी दिवे लागायच्या वेळी फरक दिसतो तो इथे. लहान सेन्सरवाला घ्यायचा असेल तर फोनच बरा, असं माझं स्पष्ट मत आहे.

एक इंचीवाल्यांची गर्दी सुरू झाली ती सोनीच्या आरएक्स१०० पासून, २०१२ मध्ये. बॅटरीसकट २४० ग्रॅम आणि २८ ते १०० मिमीचा झूम (आकडा जितका लहान तितकं दृश्य रुंद). कागदावर अ‍ॅपर्चर (लेन्सचं उजेड आत घेणारं तोंड; आकडा जितका लहान तितकं ते मोठं) एफ/१.८ दिसतं, पण ते फक्त रुंद टोकाला. झूम पूर्ण ओढला की एफ/४.९, म्हणजे उजेड जवळजवळ सातव्या हिश्शावर येतो. जाहिरातीत मोठ्या अक्षरात पहिला आकडा असतो, म्हणून दुसराही वाचावा. माझा कुत्रा पट्ट्याच्या लांबीपलीकडे जात नाही, तेव्हा झूम मला फारसा लागतच नाही. मुलांच्या मैदानी खेळांचे फोटो काढणाऱ्याने माझं ऐकू नये.

मी मैत्रिणीकडून मागून आणून झूमवाला आणि बिनझूमचा असे दोन्ही प्रकार वापरले आणि कौल दिला न सरकणाऱ्या, बिनझूमच्या लेन्सला. रिको जीआर-३ हा त्यातला नमुना: एपीएस-सी सेन्सर, २८ मिमीच्या तोडीची लेन्स, २५७ ग्रॅम. फुजीफिल्मचा एक्स१००व्ही देखणा आहे, पण ४७८ ग्रॅम. तो कोटाच्या खिशातला कॅमेरा. पँटच्या खिशात ठेवला की चालताना मांडीवर आपटत राहतो. जीआरमध्ये फोकसचं अंतर आधीच ठरवून ठेवता येतं. मी २ मीटर लावते, अ‍ॅपर्चर एफ/५.६. मग साधारण सव्वा मीटरपासून पाचेक मीटरपर्यंतचं सगळं पुरेसं स्पष्ट येतं. शटर एका दमात खाली दाबलं की कॅमेरा फोकस शोधत बसत नाही. ज्याच्या हातात दुसरं काम आहे त्याला याची किंमत कळते. बदल्यात फ्लॅश नाही, पडदा वर-खाली वळत नाही आणि कंपनीच्याच आकड्यानुसार बॅटरी साधारण २०० फोटोंची. म्हणून जास्तीची बॅटरी दुसऱ्या खिशात.

पण कुठलाही कॅमेरा घ्या, काळ्या कुत्र्यापुढे त्याची परीक्षा होतेच. कॅमेऱ्याच्या आतलं मोजमाप असं गृहीत धरतं की समोरच्या दृश्याची सरासरी मध्यम करडी असणार. चौकट डांबूने भरली की त्याला वाटतं अंधार आहे, आणि तो उजेड वाढवतो. परिणामी कुत्रा राखाडी आणि मागचं आकाश पांढरंफटक. इलाज सोपा आहे, एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, उणे एकच्या आसपास आणायचं. पण त्यासाठी अंगठ्याखाली चाक किंवा बटण हवं. तीन मेनू उघडून उणे एक शोधेपर्यंत कुत्रा खांबाचा वास घेऊन पुढे गेलेला असतो. पांढऱ्या कुत्र्याच्या मालकांनी हेच उलट्या दिशेने करायचं.

फोकसचंही तेच. कॉन्ट्रास्टवर चालणाऱ्या ऑटोफोकसला काठ लागतो, गडद-फिकं काहीतरी लागतं, आणि काळ्या केसांत ते नसतंच. बिचारा पुढे-मागे सरकतो आणि शेवटी गवतावर स्थिरावतो. मी पट्ट्याच्या बकलावर किंवा डोळ्यातल्या उजेडाच्या ठिपक्यावर फोकस धरून अर्धं बटण दाबते, मग चौकट हलवते. शटरचा किमान वेग १/२५० सेकंदाला बांधून ठेवलाय. आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) वर गेला तर जाऊ दे, फोटोत दाणे चालतील, हललेलं नाक नको.

पोलराइज्ड गॉगल घालत असाल तर आणखी एक: काही पडदे कॅमेरा आडवा धरल्यावर काळे होतात, काही उभा धरल्यावर. गॉगल घालूनच बघा.

आणि दुकानात जाताना सोबत एक काळा स्वेटर न्या. खुर्चीवर टाका, तिथल्याच दिव्यात त्याचा फोटो काढा, तोही एकाच हाताने. फोकस लागतो का, राखाडी येतो की काळा, आणि काळा करायला किती बटणं दाबावी लागतात ते बघा. दुकानदार चमत्कारिक नजरेने बघेल. बघू दे.