मोरडीवरचा टिलर खाजनात उतरवला त्याची गोष्ट

माझा टिलर, म्हणजे मागून धरून चालवायचं नांगरटीचं यंत्र, मुळात खाजनासाठी, म्हणजे नदीकाठच्या सखल भातजमिनीसाठी, घेतलेलाच नव्हता. 13 एचपीचा, सिंगल सिलिंडर डिझेल, सेकंड हॅंड, गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका कुळागरवाल्याकडून (कुळागर म्हणजे पोफळी-नारळाची बाग) उचललेला. आमच्या मोरडीवर, म्हणजे उंचावरच्या शेतात, आणि नारळीखाली दोन वर्षं तो असा चालला की बायको म्हणायची हा तुमचा तिसरा मुलगा. मग मडकईला मामाच्या वाटणीचं खाजन सहा वर्षं पडीक होतं, मामा म्हणाला तूच कर रे बाबा, मला आता होत नाही, आणि मी हो म्हटलं. टिलर आहे ना घरात, त्यात काय एवढं.

2023 च्या जुलैत पहिल्यांदा उतरवला, आणि बांधावरून खाली येऊन जेमतेम पंधरा पावलं गेला असेल. मागे रोटरी म्हणजे माती उकरणारी फिरती पाती, पुढे इंजिन, सगळं मिळून सुमारे चारशे किलो वजन दोन रबरी टायरांवर, आणि खाली नदीच्या गाळाचा लोण्यासारखा चिखल. टायर फिरत राहिले, खड्डा खोल होत गेला, मी घाबरून अजून थ्रॉटल दिला (हीच ती चूक), चाक अडकल्यावर तोच जोर उलटा मशीनवर येतो, त्यामुळे नाक वर उठलं आणि हॅंडल खाली दबलं, दोन मिनिटांत एक्सल दिसेनासा. पोफळीच्या फळ्या टाकून, दोर बांधून, सहा माणसं लावून संध्याकाळी बाहेर काढला. बांधावर बघ्यांची जत्रा भरली होती ते वेगळंच.

ज्यांना खाजन म्हणजे काय ते माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. भरतीच्या पाण्यापेक्षा सखल असलेली ही जमीन, बांध घालून नदीपासून राखलेली, मध्ये मानस म्हणजे पाण्याचा दरवाजा, भरतीला बाहेरून दाब आला की आपोआप बंद होतो, ओहोटीला आतलं पाणी बाहेर सोडतो. पावसाने मीठ धुऊन गेलं की सरदीचं म्हणजे पावसाळी भात पेरायचं, आमच्याकडे कोरगुट जातीचं, ते थोडाफार खारटपणा सोसतं. मोरडीवर लाल जांभ्याची माती, खाली लगेच घट्ट थर लागतो. खाजनात तो थर कुठे वीतभर खाली, कुठे गुडघाभर, आणि कुठे असेल तर देवाला ठाऊक.

बरं, तर आता उपाय काय. सगळे म्हणाले केज व्हील घाल. म्हणून बाजारातून टायर काढून बसवायची ती तयार लोखंडी चाकं आणली, साडेनऊ हजार गेले, आणि मला वाटलं झालं काम. पहिल्या वाफ्यात खरंच बरा गेला, दुसऱ्या वाफ्यात पट्ट्यांच्या मधे चिखल भरत भरत चाकाचा अख्खा लाडू झाला, म्हणजे आता पकड नाही आणि वर चिखलाचंच वजन. मी फोनवर दुकानदाराला सुनावलं, तो म्हणाला काका, ही चाकं सगळीकडे चालतात. चालत असतील बाबा, माझ्याकडे नाही चालली.

मग बसलो विचार करत. चाकाला दोन कामं आहेत, एक वर तरंगायचं आणि दुसरं ढकलायचं, आणि ही दोन कामं एकमेकांच्या विरोधात जातात हे मला तेव्हा कळलं. रुंद पट्टी असेल तर कमी बुडतं, पण पट्ट्या जवळजवळ असतील तर चिखल सुटत नाही. गावच्या वेल्डरकडे गेलो, बारा पट्ट्यांपैकी दर तिसरी अशा चार कापायला सांगितल्या, आणि उरलेल्या आठ बाहेरच्या बाजूला चार-चार बोटं लांब करून घेतल्या. वेल्डर म्हणाला चाक उडेल, ठकठक करेल. चिरेबंदी वाटेवर उडतं खरं, कंबर मोडते. पण चिखलात काय कळणार. वेल्डिंगचे अठराशे झाले. केज व्हील डांबरी रस्त्यावर चालवत नाहीत, रस्ता खरवडतो, म्हणून शेतापर्यंत पिकअपमधून नेणं आलं, दर खेपेला त्याचे वेगळे पैसे.

वजनाच्या बाबतीत मी शहाणपणा केला आणि अंगाशी आला. मागची सीट आणि मागचं चाक काढलं, ते बरोबर होतं, खाजनात बसून कोण चालवतो, चालतच जायचं. पण उत्साहात पुढचं काउंटरवेट, म्हणजे तोल राखणारं वजनसुद्धा काढलं, हलकं होईल म्हणून. परिणाम असा की जरा जोर लागला की नाक वर आणि रोटरी जमिनीत घुसायची. परत बसवलं, फक्त अर्धं. मागच्या चाकाच्या जागी फणसाची फळी घातली, पुढचा भाग होडीसारखा वर वळवून घेतलेला, ती गाळावरून घसरत जाते आणि रोटरी किती खोल जाणार ते ठरवते. ही आयडिया फिलिपाइन्सचे व्हिडिओ बघून सुचली, तिकडे दलदलीसाठी टिलरला खाली चक्क होडीसारखा तळच असतो. अख्खा तळ करायची ऐपत आणि हिंमत दोन्ही नव्हती, फळीवर भागवलं.

एवढं करून 2024 च्या जूनमध्ये परत उतरवला. बुडाला नाही, पण चाक परत भरायला लागलं, लाडू नाही पण लाडवाच्या वाटेवर. बांधावर शेजारचे एक म्हातारे उभे होते, आम्ही त्यांना आजो म्हणतो, जन्मभर रेडे घेऊन त्याच खाजनात राबलेले. मी चाकाकडे बघत शिव्या देतोय आणि ते म्हणाले, "चाक न्हय रे, उदक पळय."

पाणी बघ. वाफ्यात पाणी दोन बोटंसुद्धा नव्हतं. अर्धवट ओला गाळ म्हणजे डिंक. मानसकडे बाहेर जाणारा चर आजोंनी मला बुजवायला लावला, वरच्या वाफ्यातलं पावसाचं गोडं पाणी घेतलं, दोन दिवस चार बोटं उभं ठेवलं. तिसऱ्या दिवशी तीच चाकं, तीच पट्टी, आणि चिखल प्रत्येक फेऱ्यात आपोआप धुऊन निघत होता. साडेनऊ हजार अधिक अठराशे, आणि उरलेलं अर्धं काम फुकटच्या पाण्याने केलं. मला हसू पण आलं आणि रागही.

आणखी एक गोष्ट आजोंकडूनच शिकलो. उतरायच्या आधी बांबू घेऊन वाफाभर टोचत फिरायचं. वीतभर गेला आणि थांबला तर बिनधास्त. गुडघ्यापर्यंत गेला तर तिथे काठी रोवून वर चिंधी बांधायची आणि लांबून वळायचं. वळताना मी आधी ज्या बाजूला वळायचं तिकडचा स्टिअरिंग क्लच दाबून गर्रकन फिरवायचो, चिखलात त्यामुळे एकच चाक रेटतं आणि तिथेच विहीर खणतं. आता क्लच टिचकीसारखा दाबतो, सोडतो, दाबतो, असा मोठा गोल घेत जातो. गिअर पहिला, थ्रॉटल एकसारखा, आणि मध्ये थांबायचं नाही, फोन वाजला तर वाजू दे. रिव्हर्स टाकायची वेळ आलीच तर आधी रोटरी बंद, यात हयगय नको, ती पाती थेट आपल्या पायांकडे येतात.

पट्ट्या लांब केल्याची किंमतही मोजली. चाक बाहेरच्या बाजूला रुंद झालं तसा एक्सलवर ताण वाढला, सप्टेंबरात डाव्या बाजूचं ऑइल सील, म्हणजे तेल अडवणारं कडं, गळायला लागलं, उघडलं तर आत राखाडी चिखल आणि तेलाची खीर. दोन्ही बाजूंची सीलं बदलली, तेल बदललं. बेल्टसुद्धा ओले होऊन घसरायचे, त्यावर जुन्या रबरी चटईचा आडोसा केला, दिसायला भिकार आहे पण चालतो. खाजनातून आल्यावर विहिरीच्या पाण्याने अर्धा तास धुतो, मग ग्रीस. एकदा कंटाळा करून तसाच ठेवला होता, आठ दिवसांत बोल्ट असे गंजले की पान्याने माना टाकल्या.

मामाच्या सहा वाफ्यांपैकी पाच झाले. सहावा मानसच्या अगदी लगत आहे, तिथे बांबू मांडीपर्यंत जातो. तो मी आणि दोन माणसं फावड्यानेच करतो, आणि टिलर बांधावर बंद करून ठेवतो.