गच्चीबागेची पाणी-नोंद : फेब्रुवारी ते जून

बाग पुण्यात, कोथरूडमधल्या गच्चीवरची. बारा इंची कुंड्या ४०, अर्धे ड्रम ८ (लिंबू, कढीपत्ता, डाळिंब, अंजीर, शेवगा, जास्वंद आणि दोन मोगरे), भाजीचे वाफे २, प्रत्येकी ४ बाय ३ फूट. पश्चिमेला आडोसा नाही, म्हणजे दुपारनंतरचं ऊन आणि गरम वारा थेट अंगावर. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चारही धरणांत मिळून साधारण २९ टीएमसी पाणी मावतं आणि ते जुलैच्या मध्यापर्यंत पुरवायचं असतं. यंदा गुरुवारी पाणी बंद, शुक्रवारी उशिरा आणि कमी दाबाने, हे फेब्रुवारीतच सुरू झालं. म्हणून ही नोंद.

फेब्रुवारी : आधी मोजमाप

नळीने पाणी घालणाऱ्याला आपण किती घालतो याचा अंदाज नसतो. दहा लिटरची बादली त्याच नळीने भरायला ४० सेकंद लागली, म्हणजे मिनिटाला १५ लिटर. बागेला रोज बारा मिनिटं नळी चालते, म्हणजे १८० लिटर. हा सुरुवातीचा आकडा.

मग कुंडीला खरंच किती लागतं ते. त्यासाठी सामान तोलायचा हुकवाला काटा पुरतो. चार प्रकारच्या कुंड्या निवडायच्या: मिरची, वांगं, तुळस आणि एक सावलीतली. कुंडीला दोरीची शिंकाळी कायमची बांधून ठेवायची. सकाळी पाणी घालून निथळल्यावर वजन, दुसऱ्या दिवशी सकाळी परत वजन. जितके ग्रॅम कमी, तितके मिलिलिटर पाणी गेलं. फेब्रुवारीअखेरीला बारा इंची कुंडीत हा फरक ४५० ते ७०० ग्रॅम आला. नळी मात्र दर कुंडीत दीड लिटर ओतत होती. उरलेलं कुठे जातं ते ताटलीत दिसतंच.

आणि यातलं वाईट असं की ताटलीत पाणी आलं म्हणजे कुंडी भिजली, असं नसतं. कोकोपीट जास्त असलेलं मिश्रण एकदा कडक वाळलं की पाणी धरत नाही, उलट झटकतं. गोळा आकसतो, कुंडीच्या कडेला फट पडते आणि पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं. वरचा अर्धा इंच ओला, ताटली भरलेली, मधली मुळं कोरडी. मग झाड माना टाकतं आणि माणूस आणखी पाणी घालतो. बांबूची बारीक, कोरडी काडी मधोमध सहा इंच खुपसून दहा मिनिटांनी काढा. कोरडी निघाली तर हाच प्रकार आहे.

उपाय दोन. कुंडी उचलण्यासारखी असेल तर टबात निम्म्या उंचीपर्यंत पाणी घेऊन त्यात अर्धा तास बसवायची. बुडबुडे थांबले की काढायची. टबातलं पाणी पुढच्या कुंडीला चालतं. (एखाद्या कुंडीत मूळकूज किंवा सूत्रकृमीचा संशय असेल तर ती शेवटी.) न उचलणाऱ्या ड्रमला रिठ्याचं पाणी: चार-पाच रिठे रात्रभर भिजवून कुस्करायचे, गाळून त्यातलं एक कप पाणी दहा लिटरमध्ये. रिठ्याच्या फेसामुळे पाण्याचा पृष्ठताण कमी होतो आणि वाळलेलं कोकोपीट ते आत घेतं. झारीने थोडं, दहा मिनिटं थांबून पुन्हा थोडं. कडेची फट काडीने मोडून मातीने बुजवायची, नाहीतर सगळी मेहनत पुन्हा ताटलीत.

एवढ्यानेच रोजचं पाणी १८० वरून ११० लिटरवर आलं. एक रुपयाचंही सामान न आणता. ठिबक आणण्याआधी हे करा, असं आग्रहाने सांगावंसं वाटतं; झटकणाऱ्या मातीवर ठिबक लावलं तर थेंब एकाच वाटेने खाली जातो.

मार्च : आच्छादन

उन्हाळ्यात पुण्यात उघड्या पाण्याचं दिवसाला आठ-दहा मिलिमीटर बाष्पीभवन होतं. बारा इंची कुंडीचं तोंड ०.०७ चौरस मीटर. माती सतत ओली राहिली तर आठ मिलिमीटरने अर्ध्या लिटरहून जास्त पाणी नुसतं तोंडातून जाऊ शकतं, झाडाच्या उपयोगाविना. म्हणून आच्छादन.

मार्चमध्ये पालापाचोळ्याला तोटा नाही. वर्षावृक्षाची बारीक पानं कुंडीत छान दबून बसतात, पण लवकर कुजतात, भर घालत राहावी लागते. आंब्याची, जंगली बदामाची पानं टिकतात; मात्र अख्खी घातली तर एकावर एक चिकटून पत्र्यासारखी होतात आणि वरून घातलेलं पाणी बाहेर घरंगळतं. चुरून घालायची. रसवंतीतल्या चोयट्या फुकट मिळतात, पण ताज्या घातल्या तर मुंग्या आणि चिलटं ठरलेली. चार-पाच दिवस कडक उन्हात वाळवून, कापून मगच. सगळ्यांत टिकाऊ नारळाच्या शेंड्या, विंचरून.

जाडी दोन ते तीन इंच. एका इंचाने फार फरक पडत नाही. खोडाभोवती दोन इंच मोकळं, नाहीतर खोड कुजतं आणि गोगलगायींची सोय होते. आच्छादनावर पाणी ओतायचं नाही, ते बाजूला सारून मातीवर घालायचं; शेंड्याच अर्धा लिटर पिऊन बसतात.

कुंड्या विटांवर आणून एकमेकींना खेटून ठेवल्या. मोठी झाडं पश्चिमेला, लहान त्यांच्या सावलीत. काळ्या प्लास्टिकच्या कुंड्यांच्या पश्चिम बाजूला गोणपाट. मातीच्या कुंड्या सगळ्या अंगाने पाणी सोडतात, त्या घोळक्याच्या मधोमध.

काय ठेवायचं, काय नाही, हेही याच महिन्यात ठरवायला हवं. पालक आणि कोथिंबीर बंद. अळू पाणी तोडून सुकू दिलं, कंद मातीत राहतात. वांग्याचा खोडवा धरला: जमिनीपासून सात-आठ इंचांवर छाटणी, पानं कमी म्हणजे तहान कमी. गवार आणि चवळी चालू. ड्रममधल्या झाडांना पहिला मान, कारण मिरची चार महिन्यांत परत येते, लिंबू येत नाही. खत पूर्ण बंद. खताने कोवळी फूट येते, आणि फुटीला पाणी लागतं.

एप्रिल : सुगडं आणि ठिबक

मडक्याने पाणी देण्याची युक्ती कुंडीतही चालते, फक्त मडकं कुंडीच्या मापाचं हवं. संक्रांतीची सुगडं नेमकी त्या मापाची. ती जानेवारीतच घेऊन ठेवलेली बरी. नंतर कसब्यातल्या कुंभारवाड्यात लोटकी शोधावी लागतात. तैलरंगाने रंगवलेली आणि चकाकी असलेली नकोत. परीक्षा अशी: पाणी भरून रात्रभर विटेवर ठेवायचं, सकाळी बाहेरून हात लावल्यावर ओल लागली पाहिजे. टपटप गळलं तर तडा आहे, कोरडं राहिलं तर भाजणीत छिद्रं मिटली आहेत. दोन्ही बाद.

तोंड मातीच्या वर अर्धा इंच राहील असं पुरायचं. भोवती माती बोटांनी दाबून घट्ट बसवायची. सुगड आणि माती यांच्यात पोकळी राहिली तर माती पाणी ओढूच शकत नाही. नुसत्या कोकोपीटमध्ये याच कारणाने जमत नाही, सुगडाभोवती दोन इंच चाळलेली माती आणि कंपोस्ट भरावं लागतं. वर पणती उपडी, नाहीतर डास. बाहेरची माती ओली असेल तर पाझर आपोआप मंदावतो, हाच यातला खरा फायदा.

बिघडतं ते क्षारांनी. बोअरच्या किंवा टँकरच्या जड पाण्याने काही आठवड्यांत छिद्रं बुजतात, बाहेरून पांढरा थर दिसतो. सुगड पूर्ण कोरडं होण्याआधीच भरायचं. बुजलंच तर व्हिनेगरच्या पाण्यात रात्रभर ठेवून काथ्याने घासायचं. मिरची, वांगी, टोमॅटो यांना सुगड मानवतं. तुळशीला आणि कोरफडीला नको.

ड्रम आणि वाफ्यांना ठिबक. इथे गच्चीवर एक अडचण हमखास येते. दाब-नियंत्रित ड्रिपरला साधारण एक बार, म्हणजे दहा मीटर उंचीचा दाब लागतो. गच्चीवरची टाकी फार तर दोन मीटर उंच, म्हणजे ०.२ बार. ते ड्रिपर नीट उघडतच नाहीत, आणि दुकानदार ‘लाइन चोकअप असेल’ म्हणतो. टाकीवर चालवायचं तर साधे, दाब-नियंत्रण नसलेले ड्रिपर घ्यावेत आणि छापील आकड्याच्या निम्मं पाणी धरावं: चार लिटरवाला तासाला दोन लिटरच्या आतच देतो. १६ मिमीची मुख्य नळी दहा-बारा मीटरपेक्षा लांब नको, चढ-उतार नको, शेवटाला उघडणारं टोपण हवं. टाकीनंतर लगेच १२० मेशचा जाळीफिल्टर. शुक्रवारी पाणी परत येतं तेव्हा गढूळ असतं. त्या दिवशी आधी फिल्टर धुवायचा आणि शेवटचं टोपण उघडून दोन मिनिटं पाणी वाहू द्यायचं, बादलीत. प्रत्येक ड्रिपरखाली दहा मिनिटं पेला ठेवून मोजा. पहिल्या आणि शेवटच्या पेल्यात दहाला सातपेक्षा जास्त तफावत असेल तर नळी दोन भागांत तोडून दोन्हींना वेगळा पुरवठा द्यावा.

ड्रमला दोन ड्रिपर, खोडापासून सहा इंच दूर, एक दिवसाआड पाच लिटर. वाफ्यांना रोज चार-चार लिटर. कुंड्यांना सरासरी ७०० मिलि. म्हणजे ड्रम २०, वाफे ८, कुंड्या २८, एकूण ५६ लिटर. पारा चाळिशीला टेकला त्या आठवड्यात हाच आकडा ६५ पर्यंत गेला.

पाण्याची वेळ? उन्हाळ्यात आम्ही संध्याकाळच्या बाजूचे. हवा इतकी कोरडी असते की रात्रीच्या ओलीने बुरशी धरायची भीती कमी, आणि मुळांना अख्खी रात्र मिळते. पावसाळी हवेत मात्र सकाळ.

मे : घरातलं पाणी, आणि क्षार

५६ पैकी साधारण ३० लिटर आता वापरलेलं पाणी आहे. तांदूळ, डाळ, भाज्या धुतलेलं पाणी त्याच दिवशी थेट. मीठ घातलेलं नाही. खरकट्या भांड्यांचं नाही, तेलाने माती चिकटते. धुण्याच्या यंत्राचं फक्त शेवटच्या खळखळीचं, आणि तेही जास्वंद, शेवगा अशांनाच. पालेभाजीला आणि कंदांना नको. धुण्याच्या पावडरीत सोडा असतो, सोडियमने मातीची रचना मोडते आणि पानांच्या कडा करपतात. कुठलंही सांडपाणी चोवीस तासांपेक्षा जास्त साठवायचं नाही, वास सुटतो.

आरओचं टाकाऊ पाणी टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजणारा मीटर लावल्याशिवाय घालू नका. धरणाच्या पाण्यावर चालणाऱ्या यंत्राचं टाकाऊ पाणी बागेला सहसा चालतं. तेच यंत्र टँकरच्या किंवा बोअरच्या पाण्यावर असेल तर आकडा हजारच्या वर सहज जातो. आमची पट्टी: ५०० पर्यंत सगळ्यांना, ५०० ते १००० निम्मं साधं पाणी मिसळून दणकट झाडांना, त्यावर फरशी पुसायला. टँकर आला की मीटर परत लावायचा, काल आणि आजचं पाणी सारखं नसतं. एसीचं पाणी एप्रिल-मेमध्ये फार मिळत नाही, हवाच कोरडी; पण जे मिळतं ते जवळजवळ क्षारमुक्त, ते जपून ठेवायचं.

का, ते आता. ताटलीत थेंबही येऊ न देणं ही बचतीची कमाल वाटते, पण महिनाभर तसं केलं की पाण्यातले क्षार कुंडीतच साठतात. मातीवर पांढरी पूड, मिरचीच्या पानांची टोकं तपकिरी, झाड ओल्या मातीत सुकल्यासारखं. ही तहान नव्हे. महिन्यातून एकदा अशा कुंडीला कमी टीडीएसचं दोन-तीन लिटर पाणी हळूहळू घालून निथळू द्यावं आणि ते पाणी टाकून द्यावं. पाणी टंचाईच्या वर्षीही फुकट घालवण्यासारखी ही एकमेव जागा आहे. हायड्रोजेलबद्दल (मातीत मिसळायचे, पाणी पिऊन फुगणारे दाणे) विचारणा फार होते, तर जड पाण्यात ते कमी फुगतं. कंपोस्टवर पैसे घाला.

हिरवी जाळी ५० टक्क्यांची, आठ फूट उंचीवर, फक्त वाफे आणि वांग्यांवर. मोगऱ्यावर नको, फुलं कमी होतात. जाळी कायमची आवळून बांधू नये. वळवाच्या वाऱ्यात ती शिडासारखी फुगते आणि पाइपासकट येते. दोन तारांवर कड्यांनी ओवून पडद्यासारखी सरकती ठेवली की दुपारी आभाळ भरलं की ओढून घेता येते.

जून : वळीव, मग मृग

अक्षय्य तृतीयेला आळी घालायची ती यंदा घातली नाहीत. दोडका, कारलं, काकडी मृगानंतर. हळद-आल्याचे कंद ओलसर कोकोपीटमध्ये खोक्यात फुटवून ठेवले, एका खोक्याला दिवसाला पेलाभर पाणी पुरतं.

शंभर चौरस मीटर छपरावर दहा मिलिमीटर पाऊस म्हणजे हजार लिटर, गळती-वाफ जाऊन आठशे. पहिल्या पावसाचे पहिले शंभर-दोनशे लिटर धूळ आणि पाखरांची घाण घेऊन येतात, ते सोडून द्यायचे. पन्हळीच्या तळाला वेगळा नळ बसवला की जमतं. साठवायला २०० लिटरचा झाकणाचा ड्रम, तोंडावर सुती कापड. ड्रम कुठे ठेवायचा हे मात्र बघा: वापराच्या गच्चीचा स्लॅब साधारणपणे चौरस मीटरला १५० किलो भार धरून बांधतात, आणि भरलेला ड्रम पाव चौरस मीटरवर २०० किलो टाकतो. तुळईवर किंवा कडेच्या भिंतीलगत, एकेकटा. गच्चीच्या मधोमध चार ड्रमांची रांग नको.

पाऊस स्थिरावला की क्रम असा: ताटल्या काढायच्या, सुगडांवरच्या पणत्या घट्ट बसवायच्या किंवा सुगडं उपसून वाळवायची, ठिबकचा व्हॉल्व्ह बंद, आच्छादन अर्ध्यावर आणायचं. पहिल्या जोरदार सरीनंतर कुंड्यांची भोकं तपासायची. उन्हाळाभर कमी पाणी मिळालेल्या कुंडीत मुळं ओलीच्या शोधात तळाला जाऊन भोकं बुजवतात, आणि दुष्काळात वाचलेलं झाड जूनमध्ये पाणी तुंबून जातं. लोखंडी सळईने खालून मोकळी करायची. ड्रमच्या भोकांपर्यंत हात पोचत नाही. तिथे तळापासून एक इंचावर बाजूने बारा मिमीची दोन नवी भोकं ड्रिलने.