आमची वाटचाल: लूमच्या सुट्या भागांपासून नायट्रो बग्गीपर्यंत

सोलापुरात नायट्रो बग्गीचं दुकान चालेल असं आम्हाला कुणीच म्हणालं नव्हतं. नायट्रो बग्गी म्हणजे मिथेनॉल आणि नायट्रोमिथेनच्या इंधनावर खऱ्या इंजिनाने पळणारी, रिमोटने चालवायची छोटी गाडी. अक्कलकोट रोड एमआयडीसीत वडिलांचं पॉवरलूमच्या स्पेअरचं दुकान. पिकर, शटल, बेअरिंग, गिअर. एकेक कारखाना बंद पडत गेला तसं गिऱ्हाईक आटलं, आणि मागच्या खोलीत चाललेली माझी हौस हळूहळू काउंटरवर आली. आज शटलच्या जागी टायर टांगलेले आहेत. कप्पे मात्र वडिलांचेच, त्यात आता क्लच बेल, डिफच्या (डिफरन्शियलच्या) रिंगा आणि ग्लो प्लग असतात.

पैसे घालणारा भागीदार आम्हाला मिळाला नाही. मिळाले ते अशोक चौकातले लेथवाले मास्तर. घरात तेलुगू, कामावर मराठी, आणि उभं आयुष्य लूमच्या क्रँकवर गेलेलं. पहिल्यांदा बग्गीचं पॉइंट ट्वेन्टी-वनचं, म्हणजे 0.21 घन इंचाचं, इंजिन त्यांच्यापुढे ठेवलं तेव्हा ते वरच्या टोकाला अडकत होतं. गिऱ्हाईक म्हणत होतं, जाम आहे, परत करा. मास्तरांनी फ्लायव्हील बोटांनी फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "मालक, वर ताईट हाय म्हणून तर चांगला हाय. ढिला असता तर घाबरायचं." हॉबीची एकही गाडी न पाहिलेल्या माणसाने एबीसी इंजिनचं मर्म सांगितलं होतं. पिस्टन अॅल्युमिनियमचा, स्लीव्ह पितळी आणि आतून क्रोमची. ती वरच्या बाजूला निमुळती ठेवलेली असते, कारण वरचा भाग जास्त तापतो, जास्त फुगतो, आणि चालू तापमानाला स्लीव्ह सरळ होते. थंड इंजिनला जी आवळ लागते ती त्याची जवानी. ती संपली की इंजिन गरम असताना बंद पडतं आणि परत सुरू होत नाही. मास्तरांनी पुढे अशा झिजलेल्या स्लीव्ह वरून आवळायचा पोलादी साचा स्वतः लेथवर काढला. तो साचा आमच्या दुकानातली सगळ्यात मौल्यवान वस्तू आहे. रोज संध्याकाळी मी तो पुसून ठेवतो, दुसऱ्या कुणाच्या हातात देत नाही.

नवीन इंजिन घेणाऱ्याला म्हणूनच सांगतो, डिसेंबरच्या सकाळी आधी हेअर ड्रायरने हेड गरम करा, मगच स्टार्टर बॉक्सवर, म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणाऱ्या मोटरच्या पेटीवर, ठेवा. थंड इंजिनला मोटरने हिसके दिले की कनेक्टिंग रॉडचं बुश ताणतं. पहिल्या टाक्या इंधन जास्त सोडूनच चालवा, पण इंजिन थंड राहील इतकंही नको. नव्वद-शंभर अंशांपर्यंत येऊ द्या, बंद करा, आणि बंद करताना पिस्टन खाली ठेवा. वर अडकून थंड झाला तर पहिल्याच दिवशी आवळ जाते. घाईने रेस करणाऱ्याला आम्ही इंजिन विकत नाही, हे खरं आहे, विचारा कुणालाही.

गाडी कुठली घ्यावी, हा प्रश्न रोज येतो. लोक वेग विचारतात. माझा उलटा प्रश्न असतो, पुढचा सस्पेन्शन आर्म मोडला तर किती दिवसांत हातात येईल? क्योशोची इन्फर्नो सुंदर आहे, मुगेनची बनावट तर बघत बसावी अशी. पण पहिली बग्गी म्हणून मी आजही होबाओची हायपर पुढे करतो. ती मार खाते आणि उभी राहते. सांगोल्याच्या आमच्या आबांनी हीच घेतली. डाळिंबाचे बागायतदार, गाडी घ्यायला आले ते फवारणीचा पंप दुरुस्तीला टाकून. त्यांच्या बग्गीचे टॉवर, डिफ, शॉक, सगळं बदलून झालंय, चॅसिस तेवढी मूळची. दर मोसमाला येतात, बेंचशेजारी बसतात, स्वतः बेअरिंग धुतात. कुणाला दाखवण्यासाठी नाही, माळावर एकट्याने चालवण्यासाठी बग्गी घेतलेला असा दुसरा माणूस मी पाहिला नाही.

पुस्तकातलं सेटिंग सोलापूरच्या मुरुमावर जसंच्या तसं चालत नाही. पुढच्या डिफला पाच हजारचं तेल, मधल्याला सात हजारचं, मागच्याला तीन हजारचं (आकडा जितका मोठा तितकं तेल घट्ट), हे बांधीव ट्रॅकचं गणित झालं. आपल्याकडे वर सुटी वाळू, खाली कडक जमीन. मधल्या डिफमध्ये पाच हजार घाला, गाडी शांत होते, वळणातून बाहेर पडताना मागची फिरत नाही. शॉकमध्ये हिवाळ्यात साडेचारशेचं तेल बरं, मेमध्ये ते पातळ पडतं, साडेपाचशेवर जा. मागच्या चाकांना तीन अंश टो-इन, म्हणजे चाकांची पुढची बाजू किंचित आत वळलेली, राहू द्या. आणि एअर फिल्टर! काळ्या मातीची धूळ पिठाहून बारीक असते. फोमला तेल न लावता एक टाकी जरी फिरवली तरी स्लीव्हवर उभ्या रेघा येतात, मग मास्तरांचा साचाही काही करू शकत नाही.

आता जे लिहायचं ते लिहितो. मधली बरी वर्षं बऱ्या वर्षांसारखी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

एका उन्हाळ्यात पुण्याचा एक विक्रेता इथे आला. विजापूर रोडकडच्या मोकळ्या मैदानावर त्याने प्रात्यक्षिक ठेवलं आणि 'रेसला तयार' म्हणून बग्ग्या विकल्या. आवाज कानात घुसणारा, पळ जबरदस्त. पोरं भाळली. ती पळ कशाची होती ते मला लांबून कळत होतं: मेन नीडल, म्हणजे कार्बोरेटरमधली इंधन सोडणारी सुई, आवळून इंधन कमी केलेलं, एक्झॉस्टमधून धूर नावाला. गरम हवा विरळ असते, त्यामुळे मेमध्ये सुई थोडी आवळावीच लागते. पण थोडी. ती आवळताना टेंपरेचर गन हातात लागते, आणि बॉडीला हवेची खिडकी कापलेली लागते. त्या गाड्यांच्या बॉड्या रंगाचं चित्र बिघडू नये म्हणून अखंड होत्या.

त्या पोरांनी इंधन आमच्याकडून नेलं, पंचवीस टक्के नायट्रो, बारा टक्के तेल. एकामागून एक इंजिनं धरली, जाम झाली. आणि त्या विक्रेत्याने गावभर सांगितलं की सोलापूरच्या दुकानातल्या इंधनात तेलच नाही.

ज्याने पोरांना तेलाचं प्रमाण शिकवलं त्याच्यावर हे आलं. काउंटरवर माणूस येईना. माल उधारीवर भरलेला, बँकेचा हप्ता चालू. बायकोच्या पाटल्या तारण गेल्या. वडील म्हणाले, पुन्हा स्पेअरचं बघ. मास्तर काही बोलले नाहीत. धरलेली इंजिनं फुकट उघडून द्यायची म्हणून रात्री येऊन बसायला लागले. आम्ही ती बेंचवर ओळीने मांडली. प्लगची तार गेलेली, पिस्टनच्या माथ्यावर खड्डे, रॉडचं खालचं बुश निळं पडलेलं. हे सगळं सुई आवळल्याचं लक्षण. एकाच्या फ्युएल पाइपला टाकीजवळ चीर होती, तिथून हवा ओढली जात होती.

मग आम्ही अंगणात सगळ्यांना बोलावलं. सीलबंद कॅनमधून शंभर मिली आणि एका पोराच्या बाटलीतून शंभर मिली, दोन स्टीलच्या ताटल्यांत उघड्यावर ठेवलं. मिथेनॉल आणि नायट्रोमिथेन उडून जातं, तेल राहतं. राखणीला आबा बसले, सांगोल्याहून मुद्दाम येऊन, बागेत छाटणीची माणसं सोडून. सगळं उडाल्यावर मोजपात्रात ओतलं. दोन्हींत बारा मिलीच्या आसपास. त्या विक्रेत्याला मी स्वतः फोन करून बोलावलं होतं. तो आला नाही. आजवर त्याने एका शब्दाने चुकीचं बोललो म्हटलेलं नाही. काही पोरं परत आली, काही आली नाहीत, आणि जी आली नाहीत त्यांच्या घरी अजूनही आमचं नाव त्या अफवेसकट घेतलं जातं. हे मी विसरलेलो नाही.

ही चाचणी तुम्हीही करा, कुणाचंही इंधन असो. पण चुलीपासून, विडी-सिगारेटपासून लांब. मिथेनॉलची ज्योत भर उन्हात दिसत नाही, हात भाजल्यावरच कळते. पाइपला तोंड लावून इंधन कधीही ओढू नका, ते पोटात गेलं तर डोळे जातात, जीवही जातो. कॅनचं झाकण उघडं टाकू नका, मिथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. रिसीव्हरचं फेलसेफ, म्हणजे रिमोटचा सिग्नल तुटला की आपोआप लागणारी सोय, ब्रेकवर लावा, आणि वर थ्रॉटलला परतीची स्प्रिंग घाला. बॅटरी मेली की फेलसेफही मरतं, स्प्रिंग मरत नाही.

पुढे 2020 मध्ये खेळण्यांवरचं आयात शुल्क वीसवरून साठ टक्के झालं, 2023 मध्ये सत्तर. लाखाच्या बग्गीलाही खेळणंच धरतात. तेव्हापासून नवीन गाड्या कमी, दुरुस्ती जास्त, आणि दुरुस्तीत आमचा हात धरणारं आसपास कुणी नाही.

स्लीव्ह आवळायला आता लातूरहून, धाराशिवहून, कलबुर्गीहून पार्सल येतात. त्या विक्रेत्याकडून घेतलेली इंजिनंही येतात. त्यांनाही दर तोच लावतो. प्रत्येक इंजिन उघडण्याआधी मेन नीडल पूर्ण बंद करून ती किती फेरे उघडी होती ते मास्तर मोजतात, आणि तो आकडा आम्ही बिलावर लिहून देतो.