परसातला ओटा, नोंद ४: फरश्या का तडकल्या आणि माल का भुसभुशीत निघाला

पहिल्या पावसात ओट्याला तडे गेले, तिथपर्यंत मागच्या नोंदीत आलो होतो. तुटलेल्या टाइल्स काढून नव्या चिकटवायचा मोह फार झाला, पण कारण सापडेपर्यंत हात लावायचा नाही असं ठरवलं. ते बरंच झालं.

ओटा १२ बाय ८ फूट, ४०० मिमीच्या ५४ पार्किंग टाइल्स, एप्रिलात बसवलेल्या. नाण्याने एकेक टाइल चारी कोपऱ्यांत आणि मधोमध वाजवली. पोकळ बोलली की खडूने फुली. फुल्या भरल्या ३१, तडकलेल्या ७. मग पायरीवर चढून वरून बघितलं तर पाच तडे एका सरळ रेषेत, न्हाणीच्या पाइपासाठी खणलेल्या चराच्या बरोबर वर. उरलेल्या दोन टाइल्स कोपऱ्यातून तुटलेल्या. म्हणजे दुखणी दोन होती, आणि मी त्यांना एकच समजत होतो.

चराचं लगेच कळलं. दोन फूट खोल चरात मुरूम एकदम लोटला होता आणि धुम्मस फक्त वरून मारलं होतं. पावसाचं पाणी मुरलं, भराव खाली बसला, वरचा कोबा अधांतरी राहिला. अशा जागी जगातली सगळ्यात भारी टाइल लावली तरी ती तडकणारच.

कोपऱ्यांच्या टाइल्सनी जास्त शिकवलं. फटीत करणी घातली तर टाइल अख्खी हातात आली. पाठ कोरी, भट्टीतली पांढरी पूड जशीच्या तशी. या टाइल्स व्हिट्रिफाइड, म्हणजे काचेसारख्या घट्ट भाजलेल्या. अशी टाइल ०.५ टक्क्यापेक्षाही कमी पाणी पिते, साध्या सिमेंटच्या पातळ स्लरीला तिच्यात शिरायला जागाच नसते. त्यात मी मालाचे, म्हणजे कालवलेल्या सिमेंट-वाळूचे, पाच गोळे ठेवून टाइल दाबली होती. कोपऱ्यांखाली नुसती हवा. आणि तो माल? बोटांत चुरला की वाळू वेगळी, पीठ वेगळं.

वाळू बाटलीत घालून, मिठाचं पाणी ओतून, हलवून तीन तास ठेवली. ९ सेंमी वाळूवर दीड सेंमी गाळ. ८ टक्क्यांच्या वर गाळ नको म्हणतात, इथे दुप्पट. सिमेंटचं पोतंही चार महिने भिंतीला टेकून पडलेलं, आत गुठळ्या.

तरी दोष नक्की कुणाचा ते बघायला १:४ (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू) मालाचे चार पेले भरले. जुनं सिमेंट आणि जुनी वाळू. नवं सिमेंट आणि जुनी वाळू. नवं सिमेंट आणि धुतलेली वाळू. चौथा तिसऱ्यासारखाच, फक्त उन्हात ठेवला आणि पाणी मारलं नाही. बाकीचे तीन ७ दिवस ओल्या गोणपाटाखाली. आठव्या दिवशी खिळ्याने ओरखडे काढले. पहिल्यात खिळा रुतला. दुसऱ्याचं वरचं पीठ निघालं. तिसऱ्यावर नुसती चकचकीत रेघ उमटली. आणि चौथा जवळजवळ पहिल्यासारखाच चुरला! नवं सिमेंट, स्वच्छ वाळू, सगळं असून. एप्रिलात मी कोरड्या कोब्यावर माल पसरला होता आणि पाणी मारलं होतं एकच दिवस. आमच्या वाडीतले जुने गवंडी नाना पहिल्या दिवशीच म्हणाले होते, "कोबा आधी पाणी पिऊ दे, नाहीतर तो मालातलं पिईल." आता ते डोळ्यांनी बघितलं.

ऑक्टोबरात काम सुरू केलं. चर उघडून मुरूम चार-चार इंचाच्या थरांनी, प्रत्येक थराला पाणी आणि धुम्मस. वर पीसीसी, म्हणजे बिनसळ्यांचं साधं काँक्रीट, दहा दिवस पाणी. चराच्या दोन्ही कडांवर टाइलमध्ये सांधा सोडलाय, तिथे ग्राउट (फटीत भरायचं, घट्ट होणारं मिश्रण) नाही, लवचीक सीलंट जाणार. भिंतीकडेही ८ मिमी फट, उन्हात टाइलला फुगायला जागा हवी. उतार ८ फुटांत १ इंच, परसाच्या बाजूला.

टाइल्सच्या पाठी तारेच्या ब्रशने घासून पुसल्या. माल फक्त सपाटीसाठी, त्याला सात दिवस पाणी. टाइल बसवली टाइल ॲडहेसिव्हवर, दातेरी थापीने एकाच दिशेने रेघा ओढून, ३ मिमीचे स्पेसर लावून. तिसरी टाइल बसवल्याबरोबर मुद्दाम उचलून बघितली. पाठ कोपऱ्यापर्यंत भरलेली, रेघा सगळ्या दबलेल्या. तो क्षण फार समाधानाचा होता.

आजवर २२ टाइल्स बसल्या, नाण्याला सगळ्या ठणठणीत. उरलेल्या १६ उद्या सकाळी ऊन चढायच्या आत, ग्राउट परवा.