तुम्ही विचारलंत म्हणून: त्या तिमाहीनंतरही अप्रूव्हल टेस्ट का?

आमच्याकडे नव्याने रुजू होणारा जवळजवळ प्रत्येक जण मला एक प्रश्न विचारतो, आणि ती हकिगत ज्यांच्या कानावर गेली आहे असे जुने स्नेहीही विचारतात: प्रोग्राम तपासणाऱ्या सगळ्या टेस्ट हिरव्या, म्हणजे उत्तीर्ण, असताना एका पतसंस्थेच्या ज्येष्ठ ठेवीदारांना व्याज कमी गेले, तरी त्याच पद्धतीच्या टेस्ट, म्हणजे प्रोग्रामचा आजचा निकाल जपून पुढचा त्याच्याशी ताडणाऱ्या ‘अप्रूव्हल टेस्ट’, तुम्ही अजून का लिहिता? आजवर मी कधी चिडून, कधी विषय बदलून वेळ मारून नेली. हे उत्तर एकदा सविस्तर द्यायचे राहून गेले होते.

ती व्याजप्रणाली आमच्या हाती आली, तेव्हा ती लिहिणाऱ्यांपैकी कोणीही विचारायला उरले नव्हते. त्याआधी कित्येक वर्षे मीच सहकाऱ्यांना ठणकावून सांगत असे की, अपेक्षित उत्तर आधी माहीत नसेल तर तिला टेस्ट म्हणू नये. पण मुदतीआधी मोडलेल्या संयुक्त ठेवीवर व्याज किती, याचे उत्तर त्या कोडाखेरीज कोठेच लिहिलेले नव्हते. सॉफ्टवेअरवर लिहिणारे मायकेल फेदर्स यांनी 2004 साली अशाच प्रसंगासाठी ‘कॅरेक्टरायझेशन टेस्ट’ ही संज्ञा मांडली: कोडाने काय करायला हवे हा प्रश्न बाजूला ठेवून, तो आज काय करतो ते आधी पकडून ठेवायचे. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत ‘अप्रूव्हलटेस्ट्स’ किंवा पायटेस्ट या टेस्ट चालवणाऱ्या साधनासोबत चालणारे ‘सिरपी’ हेच काम करते. निकाल फाइलमध्ये जपला जातो, पुढच्या वेळचा निकाल त्याच्याशी ताडला जातो, आणि फरक पडला तर तो मान्य करायचा की नाही हे माणूस ठरवतो. आम्ही सिरपी घेतले आणि ठेवीच्या पावत्यांचे 214 स्नॅपशॉट, म्हणजे जपलेले निकाल, तयार केले.

आता ती चूक. पावतीवर वर्ष दोन आकडी छापले जात असे. ते चार आकडी करावे, अशी संस्थेची मागणी आली. बदल साधा होता. ते करताना मला कोडात दोन ओळी दिसल्या: जन्मवर्ष आजच्या पुढचे निघाले, तर त्यातून शंभर वजा करा. वर्ष आता चार आकडी होणार, मग या ओळींचे काम काय, असे समजून मी त्या काढून टाकल्या. पावती चार आकडी झाली होती, हे खरे. परंतु सभासदांची जन्मतारीख जुन्या यादीतून अजूनही दोन आकडी वर्षासह येत होती. पायथॉनचे तारीख वाचणारे ‘स्ट्रपटाइम’ 69 ते 99 हे आकडे विसाव्या शतकात धरते आणि 00 ते 68 हे एकविसाव्या. त्यामुळे 1954 साली जन्मलेला सभासद 2054 साली जन्मलेला ठरला, त्याचे वय उणे निघाले, आणि साठीनंतर मिळणारा अर्धा टक्का जादा दर निमूटपणे गळला. प्रोग्राम कोठेही थांबला नाही.

त्या दिवशी टेस्ट हिरव्या नव्हत्या, हे प्रश्न विचारणाऱ्यांना मी आजवर सांगितलेच नाही. 214 पैकी 214 टेस्ट लाल, म्हणजे नापास, होत्या, कारण प्रत्येक पावतीवरची तारीख बदलली होती. स्नॅपशॉट नावांच्या अकारविल्हे लागलेले होते. मी पहिले वीस नीट वाचले, सगळीकडे केवळ वर्षाचा फरक दिसला, आणि ‘स्नॅपशॉट-अपडेट’चा पर्याय देऊन सगळे एकदम मान्य केले. ‘सीनियर’ने सुरू होणारी नावे यादीच्या तळाशी होती. तेथे तारखेच्या खालच्याच ओळीत 8.50 जाऊन 8.00 आले होते. जुनी ओळ लाल आणि नवी हिरव्या रंगात, एकाखाली एक. त्या मी पाहिल्याच नाहीत.

तिमाही संपल्यावर एक निवृत्त शिक्षिका शाखेत आल्या. व्यवस्थापकांनी बोलावल्यामुळे मीही तेथे होतो. त्यांच्या हातात दुरेघी वही होती, आणि तीत त्यांनी प्रत्येक तिमाहीचा हिशोब आधीच मांडून ठेवला होता: दोन लाख, साडेआठ टक्के, तीन महिने, 4,250 रुपये. खात्यावर 4,000 जमा होते. त्यांनी आवाज चढवला नाही. वहीतल्या आकड्यावर बोट ठेवून एवढेच विचारले, “माझा अर्धा टक्का कुठे गेला, बाळ?” मी तारखांच्या आकड्यांचे स्पष्टीकरण सुरू केले आणि मध्येच थांबलो, कारण त्यांच्या प्रश्नाचे ते उत्तर नव्हते. पुढे सर्वांना फरकाची रक्कम मिळाली. पण आमच्याकडे 214 जपलेले निकाल होते आणि त्यांच्याकडे एक वही होती. चूक सापडली ती वहीमुळे.

मग दोष टेस्टचा की माझा? बराच काळ मी म्हणत होतो की टेस्टने आपले काम चोख केले, वाचणारा कमी पडला. आज हे म्हणणे मला पुरते पटत नाही. एका माणसाने 214 फरक एका बैठकीत वाचावेत अशी अपेक्षा ठेवणारी रचनाही मीच केली होती. शिवाय त्याआधी कित्येक महिने याच टेस्ट विनाकारण पडत होत्या. पायथॉन 3.3 पासून अक्षरमालांचे हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेला आकडा, दर खेपेला बदलते, त्यामुळे ‘सेट’ या क्रम नसलेल्या संचातून छापलेल्या नावांचा क्रमही बदलतो, त्यात छपाईची वेळही पावतीवर येत असे. रोज पडणारी टेस्ट रोज न वाचता मान्य करण्याची सवय माझ्या हाताला तेव्हाच लागली होती. त्या दिवसाची घाई अचानक आलेली नव्हती.

यानंतर आम्ही नावे क्रमाने लावून मगच छापू लागलो आणि छपाईची वेळ स्नॅपशॉटमधून पुसून टाकली. दिसण्यातला बदल आणि हिशोबातला बदल एका कमिटमध्ये, म्हणजे कोडातल्या एका नोंदवलेल्या बदलात, ठेवायचा नाही, असे ठरवले. अख्ख्या पावतीऐवजी व्याजाचे कोष्टक वेगळे जपतो. यामुळे फरक वाचण्याजोगे झाले. तरीही गेल्या महिन्यात चाळीस स्नॅपशॉट बदलले, तेव्हा तिसाव्यानंतर माझी नजर केवळ ओळींवरून फिरत होती. ते माझ्या लक्षात आले, मी उठलो, आणि उरलेले दहा दुसऱ्या दिवशी वाचले. दरवेळी लक्षात येईल याची हमी मी देऊ शकत नाही.

मग सोडून का देत नाही? कारण त्या कोडातले निम्मे नियम मला आजही शब्दांत सांगता येत नाहीत, आणि जे सांगता येत नाही त्यासाठी ‘असर्ट’, म्हणजे अपेक्षित उत्तर तपासणारी ओळ, काय लिहिणार? जे सांगता येते त्यासाठी मात्र आता स्नॅपशॉटवर विसंबत नाही. दोन लाख, साडेआठ टक्के, तीन महिने, 4,250 ही टेस्ट मी त्या वहीवरून हाताने लिहिली आहे. कोणत्याही पर्यायाने ती एकदम बदलता येत नाही. उरलेल्यांपैकी आणखी कोणत्या स्नॅपशॉटना असा हाताने मांडलेला हिशोब हवा, यावर माझे आणि माझ्या सहकाऱ्यांचे अजून एकमत झालेले नाही.